उपचाराच्या वाटेने येणारा आजार

नाईलच्या कालव्यांत गोगलगायींच्या शरीरात वाढणारी एक सूक्ष्म कृमी इजिप्तच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या छळत आली आहे. उघड्या पायांनी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून ती आत शिरते. मग लघवीतून रक्त जाणे, मूत्राशयाचा आणि यकृताचा बिघाड असे त्रास वर्षानुवर्षे चालू राहतात. शिस्टोसोमियासिस नावाचा हा रोग हटवण्यासाठी इजिप्तच्या सरकारने १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गावोगावी इंजेक्शनांची मोहीम चालवली. औषध होते टार्टर इमेटिक, म्हणजे अँटिमनीचा एक क्षार. ते शिरेतून द्यावे लागे, आणि एकदा देऊन भागत नसे. एकेका रुग्णाला अनेक वेळा टोचावे लागे. काचेच्या सिरिंज मोजक्या आणि रांगा लांबलचक, त्यामुळे एकाला टोचून झाले की तीच सिरिंज घाईने, अर्धवट उकळून दुसऱ्यासाठी भरली जाई. त्यातून आणखी काय पसरते आहे हे कोणाला कळणे शक्यच नव्हते, कारण यकृताला ग्रासणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तो १९८९ साली. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी या मोहिमेच्या जुन्या नोंदी रक्ततपासण्यांशी ताडून पाहिल्या. ज्या भागांत आणि ज्या वयोगटांत ही इंजेक्शने जास्त दिली गेली होती, तिथेच हिपॅटायटिस सी जास्त आढळला. २००८च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयाच्या जवळजवळ १५ टक्के इजिप्शियन लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. इतके मोठे प्रमाण तेव्हा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात नव्हते.

ही हकीकत आधी सांगण्याचे कारण आहे. रक्तातून पसरणाऱ्या आजाराचे नाव निघाले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो माणसाबद्दल: हा आजार कसल्या लोकांना होतो? मग नशा करणारे, बाहेरख्याली, तुरुंगात जाऊन आलेले अशी यादी तयार होते आणि यादीत न बसणारा निर्धास्त होतो. इजिप्तचे ते शेतकरी यांतल्या कुठल्याच यादीत बसत नव्हते. ते सरकारी दवाखान्यात, सरकारी सांगण्यावरून, बरे होण्यासाठी रांगेत उभे राहिले होते. म्हणून माझे म्हणणे असे की हिपॅटायटिस सीचा धोका माणसाच्या चालचलणुकीवरून मोजणे चुकीचे आहे आणि प्रतिबंधाच्या दृष्टीने घातकही आहे. कातडीच्या आत काय शिरले, ते त्याआधी कोणाच्या शरीरात गेले होते आणि मधल्या वेळात त्याचे काय केले, एवढेच विचारायला हवे. भारतात या प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा नेऊन सोडते ते उपचाराच्याच दारात.

आजार कसा चालतो हे पाहिले म्हणजे तो इतका दडून का राहतो हे कळते. कावीळ म्हटली की आपल्याला पिवळे डोळे, गडद लघवी आणि अन्नावरची वासना जाणे आठवते. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही दुखणी साधारण अशीच येतात आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरतात. हिपॅटायटिस सी पाण्यातून येत नाही, आणि संसर्ग झाल्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. साधारण चौघांपैकी एकाचे शरीर विषाणूला आपले आपण हुसकावून लावते. उरलेल्यांच्या यकृतात तो कायमचा ठाण मांडतो. दहा, वीस, कधी तीस वर्षे माणूस कामधंदा करत असतो, फार तर थोडा थकवा जाणवतो, आणि तो थकवा वयाच्या किंवा दगदगीच्या खात्यावर जमा होतो. तेवढ्या काळात यकृतात व्रणांचे जाळे विणले जात असते. जुनाट संसर्ग असलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीसेक वर्षांत यकृताचा सिरॉसिस होतो, आणि सिरॉसिसच्या काहींना पुढे यकृताचा कर्करोग. दारू पिणाऱ्यांमध्ये हा प्रवास अधिक वेगाने होतो. पण ‘मी तर कधी दारूला शिवलो नाही, मग यकृत कसे बिघडले?’ असा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवणाऱ्या रुग्णाचे उत्तरही कित्येकदा याच विषाणूत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालातल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात ५५ लाख लोक हिपॅटायटिस सी घेऊन जगत होते, आणि रक्तातूनच पसरणाऱ्या हिपॅटायटिस बीचे रुग्ण २ कोटी ९८ लाख होते. यांतल्या बहुसंख्यांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ता नाही.

सिरिंजमधून विषाणू जातो तरी कसा, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण गफलत इथेच होते. सुई बदलली म्हणजे काम झाले, असा समज कित्येक दवाखान्यांत अजून आहे. सुई शिरेत किंवा स्नायूत असताना रक्ताचा सूक्ष्म अंश मागे सिरिंजच्या नळीत ओढला जातो. डोळ्यांना तो दिसत नाही. सुई काढून दुसरी लावली तरी नळीतला अंश तिथेच राहतो. मग तीच सिरिंज औषधाच्या बाटलीत घातली, की बाटलीत उरलेले सगळे औषध दूषित होते. त्या बाटलीतून पुढच्या दहा जणांना अगदी कोऱ्या सिरिंजने औषध दिले तरी विषाणू प्रत्येकापर्यंत पोचू शकतो. सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात हा विषाणू दोन महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. हे फक्त गरीब देशांत आणि खेड्यांत घडते असेही समजू नये. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात २०००-०१मध्ये कर्करोगावर उपचार करणाऱ्या एका क्लिनिकमध्ये ९९ रुग्णांना हिपॅटायटिस सी झाला. रुग्णांच्या शिरेतून रक्त घेण्यासाठी वापरलेली सिरिंज पुन्हा सलाईनच्या सामाईक पिशवीत घातली जात होती.  एका सवयीने ९९ माणसांना आजारी केले.

भारतात इंजेक्शने किती दिली जातात आणि कशी, याचा मोठा देशव्यापी अभ्यास ‘इंडिया-क्लेन’ या वैद्यकीय संशोधकांच्या जाळ्याने २००२-०३च्या सुमारास केला. देशात दरवर्षी किमान ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली ६० टक्क्यांहून अधिक असुरक्षित असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. सुई पुन्हा वापरलेली, निर्जंतुक न केलेली किंवा टोचण्याची पद्धत सदोष, यांपैकी काही ना काही बिघडलेले असे. २००९ साली गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली आणि कित्येक डझन माणसे दगावली. साथ पसरली होती वापरलेल्या सिरिंजमधून. वापरून फेकलेल्या सिरिंज गोळा करून पुन्हा बाजारात आणण्याचा धंदाही त्या वेळी उघडकीला आला. विषाणू वेगळा असला तरी वाट तीच होती.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. या सगळ्या जुन्या गोष्टी झाल्या. आता काचेची सिरिंज कुठे दिसते? प्लास्टिकची, पाकिटातली, एकदाच वापरायची सिरिंज चार-पाच रुपयांत मिळते. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २००० साली विकसनशील देशांतली सुमारे ४० टक्के इंजेक्शने वापरलेल्या उपकरणांनी दिली जात. २०१०पर्यंत हे प्रमाण ५ ते ६ टक्क्यांवर आले. सार्वजनिक आरोग्यात दहा वर्षांत एवढी मजल क्वचितच मारली जाते. आपल्या लसीकरण कार्यक्रमात तर एकदा दाबल्यावर दट्ट्या मागे ओढताच येत नाही अशा सिरिंज वापरतात. आईने बाळाला टोचून घेताना काळजी करू नये, ती याच भरवशावर. पण लसीकरण म्हणजे देशातल्या एकूण इंजेक्शनांचा लहानसा भाग. बाकीची, म्हणजे दहातली नऊच्या आसपास, इंजेक्शने उपचारासाठी दिली जातात, आणि तिथे साधी सिरिंज चालते. ती एकदाच वापरायची असते हे पाकिटावर लिहिलेले असते, पण पुन्हा वापरायला सिरिंज स्वतः अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सगळ्याच इंजेक्शनांसाठी पुनर्वापर अशक्य करणाऱ्या सिरिंज वापराव्यात अशी शिफारस केली ती यासाठीच. शिवाय ३०० कोटींचे ५ टक्के म्हटले तरी १५ कोटी होतात. आज संसर्ग झालेल्या माणसाचे यकृत वीसेक वर्षांनी बोलू लागेल, हेही विसरून चालणार नाही. आत्ता सापडणारे बरेच रुग्ण त्या जुन्या काळाचेच आहेत.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित प्रतिबंध याहून सोपा आहे. न दिलेले इंजेक्शन हे सर्वांत सुरक्षित इंजेक्शन. आपल्याकडे ताप आला, अंग मोडून आले, कापणीच्या दिवसांत अशक्तपणा वाटला की दवाखान्यात जाऊन ‘एक सुई मारा’ किंवा ‘सलाईन लावा’ म्हणण्याची रीत आहे. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या, जुलाब-उलट्या नसलेल्या माणसाला सलाईनमधून मिळते ते मीठ-पाणी आणि थोडी साखर. ताकदीची म्हणून दिली जाणारी जीवनसत्त्वांची इंजेक्शने बहुतेकांच्या बाबतीत गोळीने भागतात. डॉक्टर म्हणतात, ‘आम्ही काय करणार, पेशंटच मागतो, नाही दिली तर तो शेजारच्या दवाखान्यात जाईल.’ ही अडचण खरी आहे. पण १९९०च्या दशकात इंडोनेशियात झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रांतल्या औषध लिहून देणाऱ्यांना आणि रुग्णांना लहान लहान गटांत समोरासमोर बसवून इंजेक्शनांबद्दल बोलायला लावले. कर्मचाऱ्यांना वाटत होते की रुग्णांना इंजेक्शनच हवे असते. प्रत्यक्षात बऱ्याच रुग्णांचा तसा हट्ट नव्हता. अशा बैठकांनंतर ७० टक्क्यांच्या आसपास असलेले इंजेक्शनांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ आले. म्हणजे मागणीबद्दलचा समज दोन्ही बाजूंनी न बोलल्यामुळे टिकून होता. ‘गोळीने होईल का, डॉक्टर?’ हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. आणि इंजेक्शन घ्यायचेच असेल, तर सिरिंज आणि सुई दोन्ही आपल्यासमोर पाकीट फोडून काढायला सांगावे. वयाने आणि मानाने मोठ्या डॉक्टरांना असे सांगणे आपल्या माणसाला अवघड जाते. डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. खरे तर नीट काम करणाऱ्या डॉक्टरला पाकीट समोर फोडण्यात काहीच अडचण नसते.

दुसरा आक्षेप नशेच्या इंजेक्शनांबद्दल असेल. पंजाब, मणिपूर, मिझोराम इथे आणि मोठ्या शहरांत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये हिपॅटायटिस सीचे प्रमाण खूप मोठे आहे. मग चालचलणुकीचा संबंध नाही असे कसे म्हणता? संबंध आहे तो एकच सुई अनेकांनी वापरण्याचा. नशेचे तेच द्रव्य कोऱ्या सुई-सिरिंजने, कोणाशी वाटून न घेता घेतले तर शरीराची इतर हानी होईल, हा विषाणू येणार नाही. हा फरक पुस्तकी वाटेल, पण उपाय काय करायचा ते त्यावरच ठरते. तरुणांना नुसते लाजवले, पोलिसांकरवी पळवून लावले, तर ते आडोशाला एकच सुई चौघांत फिरवतात. उलट तोंडाने घ्यायचे पर्यायी औषध देणारी केंद्रे आणि कोऱ्या सुयांचा पुरवठा यांचा परिणाम मोजला गेला आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार नुसत्या पर्यायी औषधाने हिपॅटायटिस सीचा धोका निम्म्यावर येतो, आणि जोडीला सुयांचा भरपूर पुरवठा असेल तर सुमारे तीन चतुर्थांशाने घटतो. सुया वाटल्याने नशा वाढेल ही भीती मला समजते, कारण ज्या घरातला मुलगा यात गेला आहे त्या घराला दुसरे काही सुचणे कठीण असते. पण अशा केंद्रांत येणारा तरुण निदान कोणाच्या तरी नजरेत राहतो, आणि व्यसनमुक्तीच्या उपचारापर्यंत पोचण्याची त्याची वाट तिथूनच निघते.

रक्ताला रक्त भिडण्याच्या बाकीच्या जागा थोडक्यात सांगता येतील. भारतातल्या रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी २००१च्या सुमारास सक्तीची झाली. त्यापूर्वी रक्त घेतलेल्या प्रत्येकाने एकदा चाचणी करून घ्यावी. थॅलेसेमियाच्या मुलांना आयुष्यभर रक्त घ्यावे लागते आणि डायलिसिसच्या रुग्णांचे रक्त आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रातून फिरते, म्हणून त्यांची तपासणी ठरावीक काळाने व्हायला हवी. मधुमेहाच्या शिबिरात बोट टोचायचे पेनसारखे उपकरण एकच असते आणि नुसती टोकाची सुई बदलतात, तेही पुरेसे नाही. जत्रेत एका सुईने आणि एकाच वाटीतल्या रंगाने दहा जणांचे हात गोंदले जातात. शहरातल्या झगमगत्या दुकानातही सुई आणि रंगाची कुपी नवी आहे का, हे विचारावे. न्हाव्याने ब्लेड आपल्यासमोर बदलावे. घरात रेझर, नखे काढायची कात्री आणि दात घासायचा ब्रश एकमेकांचे वापरू नयेत. गरोदर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता साधारण वीसात एक असते. पती-पत्नीच्या संबंधातून तो क्वचितच होतो. आणि एका ताटात जेवणे, मिठी मारणे, खोकणे, एकच संडास वापरणे यांतून तो होत नाही, हे ठासून सांगायला हवे, कारण निदान झाल्यावर सुनेची ताट-वाटी वेगळी करणारी घरे आजही आहेत. इस्पितळातल्या नर्सताईंना आणि कचरा उचलणाऱ्या मावशींना मात्र खरा धोका असतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना किंवा काळ्या पिशवीत लपलेली सुई हाताला लागून तो येतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे सुया भोसकल्या न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकायच्या असतात. नियम पाळणारा सुईपासून वाचवतो तो बहुधा सर्वांत कमी पगाराचा माणूस.

आता तिसरा आक्षेप, आणि हा सर्वांत वजनदार: हिपॅटायटिस सी आता बरा होतो, मग प्रतिबंधाची एवढी चिंता कशाला? हे खरेच आहे की या आजारावरच्या औषधांनी घडवलेला बदल अपूर्व आहे. सोफोसबुवीर आणि त्याच्या जोडीचे औषध साधारण बारा आठवडे रोज गोळीने घेतले की ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्णांच्या शरीरातून विषाणू नाहीसा होतो. अमेरिकेत २०१३च्या अखेरीस सोफोसबुवीर आले तेव्हा त्याच्या बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर होती. पुढे मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि २०१५पासून इथे बनलेली गोळी त्याच्या अगदी लहानशा अंशात मिळू लागली. इजिप्तने तर स्वस्त औषध आणि देशव्यापी तपासणी यांची सांगड घालून २०१८-१९मध्ये सात महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची चाचणी केली, लाखोंवर मोफत उपचार केले आणि २०२३ साली या आजाराच्या उच्चाटनाच्या वाटेवर सर्वांत पुढे असल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेकडून शाबासकी मिळवली. तरीही औषधामुळे प्रतिबंध अनावश्यक होत नाही. एकदा बरा झालेला माणूस त्याच दूषित सुईने पुन्हा आजारी पडू शकतो, कारण या विषाणूविरुद्ध टिकाऊ प्रतिकारशक्ती तयार होत नाही. विषाणू सतत रूप बदलत असल्यामुळे लसही अजून हाती आलेली नाही. सिरॉसिस झाल्यावर विषाणू गेला तरी कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही. आणि ज्याला आजार आहे हे माहीतच नाही, त्याला औषध देणार कोण? हिपॅटायटिस बीची गोष्ट उलटी: त्यावर कायमचा इलाज नाही पण उत्तम लस आहे. ती बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते, आणि जिथे बाळंतपण होते तिथे ती दिली गेली का, हे घरच्यांनी विचारलेच पाहिजे.

म्हणून शेवटी गाडी येते ती चाचणीवर. पहिली चाचणी प्रतिपिंडांची. ती बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होते, पण ती एवढेच सांगते की विषाणू कधीतरी येऊन गेला. तो आत्ता आहे का, हे दुसऱ्या, विषाणूचे आरएनए मोजणाऱ्या चाचणीतच कळते. पहिली ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून हातपाय गाळायचे नाहीत आणि दुसरी केल्याशिवाय औषधही सुरू करायचे नाही. संसर्ग झाल्यावर प्रतिपिंडे दिसायला दोन ते तीन महिने लागू शकतात; सुई लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘निगेटिव्ह’ आलेल्या अहवालावर विसंबून राहू नये. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणारे बारूक ब्लमबर्ग यांचा तो जन्मदिवस. या कार्यक्रमाखाली निदान आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या उपचार केंद्रात जाताना जुन्या शस्त्रक्रियेचे, रक्त घेतल्याचे, डायलिसिसचे कागद सोबत न्यावेत. कागद नसले तर निदान साल आठवून ठेवावे, कारण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.